शास्त्रज्ञाचे चित्र



‘शास्त्रज्ञाचे चित्र काढ,’ असे मुलाला सांगितले, तर कागदावर कोण उमटते? डेव्हिड वेड चेंबर्स यांनी कॅनडा, अमेरिका व ऑस्ट्रेलिया येथील ४,८०७ बालकांकडून अशी चित्रे काढून घेतली आणि १९८३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पांढरा कोट, चष्मा, दाढी, भोवती काचेची उपकरणे, हा तो साचा. स्त्री शास्त्रज्ञ अवघ्या २८ चित्रांत होती आणि ती सर्व चित्रे मुलींचीच होती. बालवर्गात या खुणा विरळ होत्या. वरच्या इयत्तांत त्या वाढत गेल्या. अर्थात ही प्रतिमा उपजत नाही; मुले ती आजूबाजूच्या जगातून उचलतात.

मुलांच्या करमणुकीत शास्त्रज्ञ बहुधा दोन टोकांना आढळतो. एकीकडे ‘टिनटिन’मधील प्राध्यापक कॅल्क्युलससारखा विसराळू विक्षिप्त किंवा जग जिंकू पाहणारा खलनायक, दुसरीकडे गौरवपर चरित्रांतला, कधीही न चुकणारा महापुरुष. एकाला हसावे, दुसऱ्याला वंदन करावे. परंतु ‘मीही असा होईन’ असे मुलाला वाटावे कसे?

यावर उतारा आहे तो खऱ्या जीवनकथांचा. इंदूरला जन्मलेल्या कमला सोहोनी यांना १९३३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारला गेला. नकार देणारे होते खुद्द सी. व्ही. रामन. कमलाबाई हटल्या नाहीत. अटी स्वीकारून त्यांनी प्रवेश मिळवला आणि १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. संपादन केली. पुढे त्यांनी संशोधन केले ते दूध, डाळी आणि नीरा यांवर. घरोघरच्या आहारातील पदार्थांवर. या कथेत थोर शास्त्रज्ञाची चूकही दिसते आणि विद्यार्थिनीची चिकाटीही.

बनारसला वाढलेल्या जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञानकथेच्या स्पर्धेत टोपणनावाने कथा पाठवली आणि ती पहिली आली. आकाशाचे गणित मांडणारा माणूस गोष्टीतही रमतो, हे मुलांना त्यातून उमगते.

पालकहो, आज घरी गेल्यावर मुलांच्या हाती कोरा कागद द्यावा. चित्र काढून झाल्यावर ते खोडू नये. शेजारी कमलाबाईंची गोष्ट सांगावी आणि दुसरा कागद पुढे ठेवावा.