विश्वासाचा हिशेब



परदेशातल्या एखाद्या कारागीर सहकारी संस्थेत काही महिने स्वयंसेवक म्हणून काम करावं, असं आज आपल्याकडच्या अनेक तरुणांना वाटतं. ही ओढ मला मोलाची वाटते. ती सार्थकी लागावी म्हणून आज ग्वाटेमालाबद्दल बोलतो.

त्या देशाच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ मुलखात केत्साल्तेनांगो हे शहर आहे. तिथे १९८८ साली ‘त्रामा तेक्स्तिलेस’ ही माया समाजातल्या विणकर स्त्रियांची सहकारी संस्था उभी राहिली. पाच प्रांतांतल्या १७ गटांमधल्या सुमारे ४०० स्त्रियांची ही संस्था. त्यांचा माग साधा. ताण्याचं एक टोक झाडाला किंवा खांबाला बांधायचं, दुसरं पट्ट्यानं स्वतःच्या कमरेला, आणि शरीरानंच ताण सांभाळायचा. हुइपिल हा तिथल्या बायकांचा अंगरखा; भरगच्च नक्षीचा असेल तर विणायला कित्येक आठवडे, कधी महिनेही लागतात.

संस्था निघाली तेव्हा यादवी चालू होती. १९६० ते १९९६ अशी छत्तीस वर्षं ती चालली. सत्यशोधन आयोगाच्या १९९९च्या अहवालानुसार दोन लाखांहून अधिक माणसं मारली गेली किंवा बेपत्ता झाली. ओळख पटलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया होते. लष्करानं खेड्यांतल्या पुरुषांना सक्तीनं गस्तीपथकांत ओढलं आणि शेजाऱ्यालाच शेजाऱ्यावर पाळत ठेवायला लावलं. कोण कुठे जमतं, कोणाचं नाव काय, अशा चौकशीतून तेव्हा माणसं जीवानिशी जात. त्या दिवसांत या स्त्रिया एकत्र आल्या. वही उघडून प्रश्न विचारणाऱ्या पाहुण्याशी त्या जपून बोलल्या, तर तो शहाणपणा आहे. त्याचा मान राखणं हे स्वयंसेवकाचं पहिलं काम.

जपून राहायला आजही कारण आहे. हातानं विणलेल्या नक्ष्या उचलून यंत्रावर स्वस्तात छापल्या जातात. म्हणून ‘आफेदेस’ या स्त्रीसंघटनेच्या पुढाकारानं २०१६ साली विणकर स्त्रियांनी घटनात्मक न्यायालयात दाद मागितली. नक्षी ही समाजाची सामूहिक बौद्धिक संपदा मानावी, असं त्यांचं म्हणणं आहे. तेव्हा फोटो काढण्याआधी विचारा, तो कुठे वापरणार ते सांगा, आणि नकार आला तर कॅमेरा पिशवीत ठेवा.

दुसरी गोष्ट पैशाची. परदेशी गिऱ्हाईक आणून दिलंत, तर त्यानं काय भाव दिला, सुताला किती गेले, टपालाला किती, विणणारीच्या हाती किती पडले, हे सगळ्यांसमोर वाचून दाखवा. अनेकींची भाषा माम किंवा किचे, स्पॅनिश दुसरी. दुभाष्यासाठी वेळ ठेवा. वार्षिक सभेत ताळेबंदावर प्रश्न विचारणाऱ्या सभासदांच्या महाराष्ट्राला हे वेगळं सांगायला नको. सहकारात माया लागते, पण संस्था टिकते ती उघड्या हिशेबावर.

तिसरी गोष्ट वचनाची. मुक्काम संपण्याआधी पुरं होईल तेवढंच बोला. ‘बघू, जमवू’ हे तिथे आश्वासन ठरतं, आणि त्या भरवशावर कोणी उसनवारीनं सूत घेते.

तरुण मित्रहो, जरूर जा. पहिल्याच आठवड्यात सभासदांपैकी एकीला शेजारी बसवा. गिऱ्हाइकांचे पत्ते, खात्यांचे पासवर्ड, पत्रव्यवहार, सगळं तिच्या हाती येऊ द्या. तुमच्या पश्चात ते काम तिनं स्वतःच्या मतानं चालवलं, हवं तिथे बदललंही, तर तुमच्यावर टाकलेला विश्वास तुम्ही सार्थ केलात असं मी मानेन.