राष्ट्रीय कर्ज आणि आलेखाची निवड



सरकारी कर्जाचे आकडे नुसते वाचून दाखविले तर श्रोत्यांच्या हाती फारसे लागत नाही. आलेख मात्र तत्काळ मनावर ठसतो. म्हणूनच तो कोणत्या प्रकारचा काढावा, याचा विचार अगोदर करावयास हवा.

अमेरिकेच्या केंद्र सरकारचे उदाहरण घेऊ. दुसरे महायुद्ध संपल्यानंतर, १९४६ साली, त्याचे कर्ज सुमारे २७० अब्ज डॉलर होते; १९७४ साली ते सुमारे ४८० अब्ज झाले. या रकमांचा स्तंभालेख पाहणारा चिंतेत पडेल. परंतु तेच कर्ज त्या त्या वर्षाच्या राष्ट्रीय उत्पादनाशी ताडून रेषालेख काढला, तर १९४६ मध्ये शंभर टक्क्यांच्या वर असलेली रेषा १९७४ मध्ये एक तृतीयांशाच्या आसपास उतरलेली आढळते. कर्ज फिटले नव्हते. उत्पादन वाढले होते, आणि भावही. दीर्घकालीन तुलनेसाठी मला हाच रेषालेख योग्य वाटतो.

वृत्तालेखात एका वर्षाचे वाटे दिसतात, काळ दिसत नाही. कर्ज कोणाकोणाकडून घेतले हे थरांच्या आलेखात दाखविता येते. पण तळचा थर तेवढा नीट वाचता येतो, वरचे थर खालच्या चढउतारांबरोबर हेलकावतात.

चौकटीचा आकारही गौण नव्हे. विल्यम प्लेफेअर याने १७८६ च्या आपल्या ग्रंथात इंग्लंडच्या राष्ट्रीय कर्जावरील व्याजाचा आलेख दिला. चौकट उंच व अरुंद असल्याने त्यातील वाढ कड्यासारखी भासते. शिक्षकांनी फळ्यावर आलेख काढताना चौकट रुंद घ्यावी आणि उभ्या अक्षावर रक्कम आहे की टक्केवारी, हे ठळक लिहावे.