'पास आउट' म्हणजे नक्की काय झालं?

आज एकच क्रियापद घेऊ: 'पास आउट'.

'पास' आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे आणि 'आउट' क्रिकेटपासून. पण दोघं एकत्र आले की अर्थ बेरजेने निघत नाही. इंग्रजीत अशा जोडीला फ्रेजल व्हर्ब म्हणतात.

घाबरू नका, मराठीत आपण रोज असंच बोलतो. 'खाऊन घे', 'खाऊन टाक', 'खाऊन बघ'. खाणं तेच. पण पहिल्यात काळजी आहे, दुसऱ्यात संपवायची घाई, तिसऱ्यात चव घ्यायचा आग्रह. आपल्याकडे हे काम दुसरं क्रियापद करतं, इंग्रजीत 'आउट', 'अवे', 'ऑन' असे छोटे शब्द करतात. फरक एवढाच.

आता अर्थ बघू. पहिला माझ्या ओळखीचा, फौजेचा. प्रशिक्षण पुरं करून बाहेर पडणं म्हणजे पास आउट होणं. इथे चेन्नईत सेंट थॉमस माउंटजवळ ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमी आहे. १९६३ मध्ये ती ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूल म्हणून सुरू झाली, १९८८ मध्ये आजचं नाव मिळालं. तिथल्या परेड मैदानाचं नाव परमेश्वरन ड्रिल स्क्वेअर. मेजर रामस्वामी परमेश्वरन मुंबईत जन्मले, १९७२ मध्ये इथून पास आउट होऊन महार रेजिमेंटमध्ये गेले, १९८७ मध्ये श्रीलंकेत लढताना वीरगती पावले आणि मरणोत्तर परमवीर चक्राचे मानकरी ठरले. आजही पासिंग आउट परेडच्या शेवटी कॅडेट 'अंतिम पग' ओलांडतात. मग आईवडील मुलाच्या किंवा मुलीच्या खांद्यावरचे स्टार उघडे करतात. ही सगळी शान या 'आउट'मध्ये आहे.

दुसरा अर्थ: शुद्ध हरपणं, चक्कर येऊन पडणं. गंमत अशी की हाही परेडवरच घडू शकतो. चेन्नईच्या दमट हवेत बराच वेळ सावधान उभं राहिलं, गुडघे ताठ धरले, की रक्त पायांत साचतं, मेंदूला कमी मिळतं आणि चांगला धडधाकट जवान आडवा होतो. म्हणून उस्ताद सांगतात: नाश्ता करून या, पाणी प्या, बुटाच्या आत पायाची बोटं हलवत राहा. म्हणजे पासिंग आउट परेडवर कुणी 'पास आउट' झाला, तर तो अधिकारी झाला की बेशुद्ध पडला, हे विचारावंच लागतं!

तिसरा अर्थ: वाटणं. 'पास आउट द पेपर्स', म्हणजे कागद वाटून टाक. अमेरिकेत हा जास्त ऐकू येतो.

ओळखायचं कसं? दोन प्रश्न विचारा. 'काय?' याला उत्तर मिळालं, पेपर, पेढे, तर अर्थ वाटणं. तेव्हा 'आउट' मागेही सरकतो: 'पास द पेपर्स आउट', 'पास देम आउट'. 'कुठून?' याला अकादमी किंवा कॉलेज असं उत्तर मिळालं, तर अर्थ प्रशिक्षण किंवा शिक्षण पुरं करणं. दोन्हींना उत्तर नसेल, तर बहुधा माणूस बेशुद्ध आहे.

कॉलेजबद्दल एक सूचना. '२०२४ पास आउट' ही नोकरीच्या जाहिरातीतली भाषा भारतात सगळ्यांना कळते, तिला चूक म्हणून हसायचं कारण नाही. पण परदेशी अर्ज करताना 'आय पास्ड आउट इन २०२४' लिहिलंत, तर समोरच्याला वाटेल, बिचारा त्या वर्षी चक्कर येऊन पडला. तिथे 'ग्रॅज्युएटेड' लिहा.

आता महत्त्वाचं. 'आउट'च्या जागी 'अवे' आलं की अर्थ होतो, वारले. आमच्या सोसायटीत एक आजोबा जिन्यात चक्कर येऊन पडले. मुलगा नागपूरला. धावपळीत कुणीतरी त्याला इंग्रजीत निरोप पाठवला: 'अंकल पास्ड अवे.' आजोबा तोवर उठून बसून कॉफी मागत होते. दुसऱ्या शेजाऱ्याने फोन करेपर्यंत दहा मिनिटं गेली. ती दहा मिनिटं त्या मुलाने कशी काढली असतील, विचार करा. निरोप पाठवणाऱ्याच्या मनात मदतच होती, चुकला तो एक छोटा शब्द.

म्हणून फौजेतला निरोपाचा नियम घरीही पाळा: काय झालं, आता स्थिती काय, आपण काय करतोय. इंग्रजीत तीन छोटी वाक्यं पुरतात. 'ही पास्ड आउट. ही इज ब्रीदिंग. वुई आर टेकिंग हिम टू द हॉस्पिटल.' दुसरं वाक्य कधीच गाळू नका. आणि शंका असेल तर 'फेंटेड' म्हणा. त्याचा एकच अर्थ. तमिळ शेजाऱ्याला मदतीला बोलवायचं तर 'मयक्कम' एवढा शब्दही पुरतो.

शब्दाबरोबर कृतीही माहीत हवी. चक्कर आलेल्याला उताणं झोपवा, पाय थोडे उंच करा, कपडे सैल करा, गर्दी हटवा. तोंडात पाणी ओतू नका. मिनिटभरात शुद्ध आली नाही, श्वास नीट वाटला नाही किंवा छातीत दुखत असेल, तर लगेच १०८ फिरवा. हा नंबर तमिळनाडूतही चालतो, महाराष्ट्रातही.

आजचा गृहपाठ: 'पास आउट'ची तीन वाक्यं लिहा, तीन अर्थांची. आणि घरातल्या मोठ्यांसमोर वाचून दाखवा. त्यांना एकदा विचाराच, 'अवे' आणि 'आउट'मधला फरक ठाऊक होता का?

पुढच्या भागात 'फॉल इन' आणि 'फॉल आउट' घेऊ. तोवर पाणी पीत राहा. जय हिंद.