सुंबुल : फूल आणि शब्द



ज्या वास्तूवरून या परिसरास कोठी हे नाव पडले, ती ब्रिटिश रेसिडेन्सी जेम्स कर्कपॅट्रिक याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी उभारली. त्याच आवारात खैरुन्निसा बेगमेसाठी रंगमहाल बांधला गेला. मात्र या नगरीची काव्यभाषा त्याच्या कितीतरी आधीपासून अशा एका वासंतिक फुलाचे नाव घेत आली आहे, जे येथे सहसा फुलत नाही. फारसीत त्यास सुंबुल म्हणतात, इंग्रजीत हायसिंथ.

तुर्कस्तान, सीरिया, लेबनॉन ही त्याची जन्मभूमी. सोळाव्या शतकात ते पश्चिम युरोपात पोहोचले. अठराव्या शतकात हॉलंडमधील हार्लेमच्या बागवानांनी त्याच्या असंख्य जाती घडविल्या. ग्रीक कथेनुसार अपोलोने फेकलेले चक्र लागून हायसिंथस हा तरुण मरण पावला व त्याच्या रक्तातून हे फूल उमलले. इराणात मात्र ते नवजीवनाचे चिन्ह. मार्चमधील नौरोजला ते घरोघर मांडले जाते.

फारसी-उर्दू कवींनी प्रियेच्या कुरळ्या केसांस सुंबुलाची उपमा दिली. युनानी वैद्यकातील ‘सुंबुल-उत-तीब’ म्हणजे हिमालयातील जटामांसी. ती वनस्पती निराळी. तरी कौतुक असे, की संस्कृतासही तिच्या मुळाशी जटाच दिसल्या.

सुंबुलाच्या कंदास फुलण्यापूर्वी दहा-बारा आठवड्यांची कडक थंडी लागते. हैदराबादेचा हिवाळा त्यास पुरत नाही. मुसी नदीत माजणाऱ्या जलपर्णीस इंग्रजीत ‘वॉटर हायसिंथ’ म्हणतात खरे. परंतु ती दक्षिण अमेरिकेतील, वेगळ्याच कुळातील.

थंडी दिलेला कंद काचपात्रात नुसत्या पाण्यावरही फुलतो. पण ते फुलणे पोटातल्या साठ्यावरचे असते. फुलून झाल्यावर कंद क्षीण होतो आणि पुढील वसंतात क्वचितच तसा बहर येतो. १९५६ साली मराठवाडा हैदराबाद राज्यातून वेगळा झाला, तेव्हापासून येथील मराठीची स्थिती काहीशी अशीच आहे. घरात बोलली जाणारी भाषा एखादी पिढी साठ्यावर फुलते. पुढच्या पिढीसाठी माती लागते आणि ती माती वाचनाची असते. अशा नगरीत मराठी ग्रंथालयाने शंभर वर्षे केले ते माती राखण्याचे काम.

म्हणून या शताब्दीच्या निमित्ताने प्रत्येक सभासदाने आपल्या घरातील एका तरी बालकाचा हात धरून त्यास येथील कपाटापर्यंत आणावे, आणि पुस्तक त्याचे त्यालाच निवडू द्यावे.