वैशाखातील इथिल ब्रोमाइड

(मनीषनगर, नागपूर येथे प्रयोगशाळा परिचर व विज्ञान शिक्षकांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणे ही आता बातमी राहिलेली नाही. इथिल ब्रोमाइड हे द्रव मात्र ३८ अंश सेल्सिअसच्या किंचित वरच उकळू लागते. पत्र्याच्या छपराखालील कोठीत दुपारी ठेवलेल्या बाटलीला म्हणूनच वेगळा विस्तव लागत नाही. आत बाष्प कोंडते आणि बूच काढताच द्रव उसळून हातातोंडावर येते. अशी बाटली आधी बर्फाच्या पाण्यात निववावी, मगच तोंड दुसरीकडे करून हळूच उघडावी.

अल्कोहोल, पोटॅशियम ब्रोमाइड व तीव्र गंधकाम्ल यांपासून विद्यार्थी हे द्रव तयार करतात. ते पाण्याच्या सुमारे दीडपट जड असून पाण्यात फारसे विरघळत नाही. त्यामुळे ते बर्फाच्या पाण्याखाली गोळा करता येते. विद्यार्थ्यांना या युक्तीचे कौतुक वाटते, आणि ते रास्तच आहे.

धोका बाष्पाचा आहे. ते हवेच्या जवळजवळ पावणेचारपट जड असते. वर न जाता मेजावरून उतरते, फरशीवरून सरकते आणि पलीकडच्या बन्सन बर्नरपाशी पोचते. तेथे पेटलेली ज्वाला उलट बाटलीकडे येते. शून्याखाली सुमारे २० अंशांवरही या द्रवावर पेटण्याइतके बाष्प जमते. ईथरच्या मानाने ते सहजी पेट घेत नाही, आणि याच समजुतीने माणूस गाफील राहतो. जळताना त्यातून हायड्रोजन ब्रोमाइडचा दाहक वायू निघतो. आगीसाठी कोरडी भुकटी किंवा कार्बन डायऑक्साइडचे उपकरण हाताशी असावे.

न पेटताही ते घातकच. एकोणिसाव्या शतकात शस्त्रक्रियेपूर्वी भूल देण्यासाठी ते वापरले गेले. त्यात रुग्ण दगावल्याने ते मागे पडले. वासाला गोडसर आहे म्हणून कोणी हुंगू नये. काम फ्यूम कपबोर्डमध्येच करावे.

थंडावा हवा म्हणून अनेक ठिकाणी बाटली घरगुती फ्रिजमध्ये ठेवतात. हा उपाय रोगाहून वाईट. त्या फ्रिजच्या तापनियंत्रकात आणि दिव्याच्या बटनात ठिणगी उडते, आणि बंद कपाटात बाष्प साचलेले असते. ज्वलनशील द्रवांसाठी बनविलेला, आत ठिणगी न होणारा शीतकपाटच घ्यावा. तो परवडत नसेल तर उन्हाळ्यापुरता साठाच ठेवू नये. लागेल तेवढेच मागवावे.

राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय नागपुरात आहे, पेट्रोलियम व स्फोटकांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालयही येथेच. पण कपाटातील अर्ध्या लिटरच्या बाटलीची रोजची राखण परिचरालाच करावी लागते. द्रव सांडले तर आधी जवळच्या ज्योती विझवाव्यात, खिडक्या उघडाव्यात, मुलांना बाहेर काढावे. विजेच्या बटनाला हात लावू नये, पंख्याच्याही नाही. उरलेले द्रव मोरीत ओतू नये. हॅलोजनयुक्त टाकाऊ द्रवांचा डबा वेगळा असावा आणि त्यावर नाव ठळक मराठीत लिहावे.