रांजण आणि उन्हाळा



जालना जिल्ह्यांतील परतूर तालुक्यांत आष्टी हें मोठें गांव आहे. मराठवाड्याच्या या भागांत चैत्र सरत आला, कीं दुपारीं रस्ते ओस पडतात. इकडचीं जुनीं घरें जाड मातीच्या भिंतींचीं, वर माळवद, आणि एका कोपऱ्यांत पाण्यानें भरलेला रांजण. शहरांतील कुटुंबांना उन्हाळ्याविषयीं आज जें सांगावयाचें आहे, त्याचा आरंभ मी या रांजणापासूनच करतों.

रांजणांतील पाणी गार कां होतें? मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी झिरपतें, बाहेरच्या कोरड्या हवेंत त्याची वाफ होते, आणि ती वाफ आंतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. आपलें शरीरहि असाच एक रांजण आहे. घाम आला म्हणून अंग निवत नाहीं. घाम वाळला तरच निवतें. हवा दमट असली आणि वारा पडला, कीं घाम नुसता ओघळतो व उष्णता आंतच कोंडते. म्हणूनच हवामान खातें उष्णतेच्या लाटेचा विचार मैदानी मुलखांत ४० अंश सेल्सियसपासून, पण किनाऱ्यावर ३७ अंशांपासूनच करूं लागतें.

दिनांक १६ एप्रिल २०२३ रोजीं नवी मुंबईंत खारघर येथें महाराष्ट्रभूषण पुरस्काराच्या समारंभास लाखों लोक उघड्या मैदानांत बसले होते. मराठवाड्यांतील माणसास तेथील पारा कांहीं फार वाटला नसता. तरी उन्हाचा त्रास होऊन १४ जणांना प्राण गमवावे लागले. केवळ पाऱ्याकडे पाहून निर्धास्त राहणें किती महाग पडतें, तें यावरून दिसेल.

शहरांतील घरांत आणखी एक अडचण असते. सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रीं तीच उष्णता घरांत सोडतो. यास्तव गच्चीवर चुन्याचा पांढरा हात द्यावा. दिवसा उन्हाकडील खिडक्या झांकाव्या व रात्रीं उघडाव्या. कूलर लावल्यास समोरची एक खिडकी उघडी ठेवावी, नाहीं तर खोली दमट होऊन त्याचा उपयोग संपतो. खोलींतील हवाच ४० अंशांवर गेली, तर नुसता पंखा अंग तापवितो. अशा वेळीं अंग ओलें करावें.

तहान लागण्याची वाट न पाहतां पाणी, ताक, पन्हें घेत जावें. हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनीं मात्र प्रमाण वैद्यांस विचारावें. खिशांत कांदा ठेवण्याची चाल जुनी आहे. परंतु कांद्याच्या भरंवशावर भर दुपारीं बाहेर पडूं नये.

अंग अतिशय तापलें, बोलणें असंबद्ध झालें, झटके आले किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजावा. अशा वेळीं घाम येत असला, तरी फसूं नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, आणि ती येईपर्यंत स्वस्थ बसूं नये. रोग्यास सावलींत आणून कपडे सैल करावे, सर्वांगावर पाणी शिंपून जोरानें वारा घालावा, मान, कांखा व जांघा यांत बर्फ किंवा गार ओलीं फडकीं ठेवावीं. शुद्ध नसलेल्याच्या तोंडांत पाणी घालूं नये. तापावरील गोळीचा येथें उपयोग होत नाहीं.

शेवटीं एकच विनंती. आपल्या दारावरचा पहारेकरी, धुणीं-भांडीं करणारी बाई, सामान पोंचविणारा मुलगा, यांचा उन्हाळा आपल्याहून कडक असतो. त्यांना दुपारचें काम सकाळीं वा सायंकाळीं करूं द्यावें, सावलींत बसवून पाणी द्यावें. शेजारीं कोणी वृद्ध एकटे राहत असतील, तर दुपारीं एकदां आणि रात्रीं निजण्यापूर्वी एकदां त्यांच्या घरीं डोकवावें. घरांतला रांजण रिकामा झाला, तर तो भरण्याचें आपण विसरत नाहीं. माणसाची चौकशी तरी विसरूं नये.