विचारलेला कौल आणि दिलेला कौल



आजच्या व्याख्यानासाठी आम्ही निवडलेला विषय आहे निवडणुकीपूर्वीच्या जनमत-चाचण्यांचा. आणि त्यातही पक्षाचा उमेदवार अद्याप ठरावयाचा असतो त्या काळातील चाचण्यांचा. हा विषय अमेरिकेतला, त्याचे आपल्या तालुक्यांत काय काम, असे कोणी म्हणेल. पण उमेदवारी जाहीर होण्यापूर्वी ‘सर्व्हेत कोणाचे नाव आले?’ हा प्रश्न आता वाशिंदच्या स्थानकावर आणि मुरबाडच्या बाजारातही ऐकू येतो. तेव्हा या चाचणीला किती मोल द्यावे, याचा विचार आपणही केला पाहिजे.

प्रथम अमेरिकेची रीत पाहू. तेथे अध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार कोण, हे ठरविण्यासाठी राज्याराज्यांतून मतदान होते. त्याला प्राथमिक निवडणूक म्हणतात. निवडणुकीच्या वर्षी साधारण जानेवारी-फेब्रुवारीत ती सुरू होते आणि जूनपर्यंत चालते. पण तिच्या आधी वर्षभर चाचण्यांचे आकडे प्रसिद्ध होत असतात. या आकड्यांवर विसंबून राहणाऱ्यांची अनेकदा फसगत झाली आहे. 2003 सालच्या अखेरीस डेमोक्रॅटिक पक्षात हॉवर्ड डीन आघाडीवर होते. जानेवारी 2004 मध्ये आयोवा राज्यात प्रत्यक्ष कौल झाला तेव्हा ते तिसरे आले. 2007 सालचा बराचसा काळ रिपब्लिकन पक्षात रुडी जुलियानी पहिले होते. एकही राज्य न जिंकता जानेवारी 2008 मध्ये त्यांनी माघार घेतली. त्याच महिन्यात न्यू हॅम्पशायरमध्ये चाचण्यांनी ओबामांना पुढे दाखविले आणि जिंकल्या हिलरी क्लिंटन.

मग या चाचण्यांना काहीच महत्त्व नाही काय? आहे, आणि ते अंदाज खरा-खोटा ठरण्यापुरते नाही. ऑगस्ट 2015 मध्ये रिपब्लिकन इच्छुकांची पहिली जाहीर वादसभा झाली. इच्छुक सतरा, आणि मुख्य व्यासपीठावर जागा दहांना. हे दहा कोण, ते देशव्यापी चाचण्यांच्या सरासरीवरून ठरले. उरलेल्या सातांची बोळवण दुपारच्या वेगळ्या सभेवर झाली. ज्याचा आकडा मोठा त्याला व्यासपीठ. ज्याला व्यासपीठ त्याला प्रसिद्धी. ज्याला प्रसिद्धी त्याला देणग्या. आणि देणग्या मिळाल्या की आकडा आणखी मोठा! चाचणी म्हणजे नुसता आरसा असता तर आमचे काही म्हणणे नव्हते. येथे आरसाच चेहरा घडवू लागतो.

आता आपल्याकडे वळू. पक्षाचा उमेदवार मतदानाने निवडावा, अशी रीत आपल्याकडे रुजलेली नाही. 2014 च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेस पक्षाने मोजक्या मतदारसंघांत तसा प्रयोग केला. आपल्या राज्यात वर्धा आणि लातूर येथे पक्षाच्या लोकांनी मत देऊन उमेदवार निवडले. ते दोन्ही उमेदवार पुढे पराभूत झाले आणि प्रयोगही मागे पडला. तेव्हा मतदान नाही, पण चाचणी मात्र आहे, अशी आपली स्थिती. पक्ष खासगी संस्थांकडून मतदारसंघाची पाहणी करवितात आणि तिकीट देताना तिचा आधार घेतात. अमेरिकेत चाचणी चुकली तर ती दुरुस्त करावयास प्राथमिक निवडणुकीतला मतदार असतो. आपल्याकडे चाचणी चुकली, तर ज्याला तिकीट मिळाले नाही त्याचे नाव मतदारापुढे बहुधा येतच नाही. म्हणून आमचे म्हणणे असे की, या पाहण्यांची चौकशी अमेरिकन नागरिकाहून आपणच अधिक बारकाईने केली पाहिजे.

पहिला प्रश्न, विचारले कोणाला? शितावरून भाताची परीक्षा, ही म्हण या शास्त्राचा पायाच आहे. हजार माणसे नीट निवडून विचारली तर अंदाज साधारणतः दोन्ही बाजूंना तीन टक्क्यांच्या आत राहतो, हे गणित खोटे नाही. पण एका शितावरून परीक्षा होते ती भांडे एक असते म्हणून. आपला मतदारसंघ एक भांडे आहे काय? मुरबाड विधानसभा मतदारसंघात बदलापूरच्या सदनिका आहेत आणि माळशेजच्या पायथ्याचे पाडेही आहेत. शहापुरात आसनगाव-वाशिंदहून रोज लोकलने नोकरीला जाणारा मतदार आहे, तसा डोळखांबकडचा ठाकूर आणि महादेव कोळी शेतकरीही आहे. स्थानकावर उभे राहून पाचशे माणसांना विचारणे सोपे. पाड्यावर जाऊन पन्नासांना विचारणे कठीण. जे सोपे तेच हातून होते.

आणि जे घरी नसतातच त्यांचे काय? आपल्या भागातील अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. 2024 साली भिवंडी लोकसभा मतदारसंघात, म्हणजे शहापूर आणि मुरबाड ज्यात येतात त्यात, मतदान झाले 20 मे रोजी. त्याआधीच्या चार-पाच महिन्यांत पाड्यावर गेलेल्या पाहणीदाराला कित्येक झोपड्यांना ताटी लावलेलीच दिसणार. मतदार यादीत ती माणसे आहेत. पाहणीच्या कागदावर नाहीत.

केवळ संख्या मोठी केल्याने हा दोष जात नाही. 1936 साली अमेरिकेतील ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने एक कोटीच्या आसपास मतपत्रिका पाठविल्या. सुमारे तेवीस लाख परत आल्या आणि त्यांवरून लँडन जिंकणार असे भाकीत केले. प्रत्यक्षात रूझवेल्ट 48 पैकी 46 राज्यांत विजयी झाले. पत्ते घेतले होते टेलिफोन आणि मोटारगाड्यांच्या नोंदींवरून. मंदीच्या त्या दिवसांत ही चैन ज्यांना परवडत नव्हती, त्यांना फारसे कोणी विचारलेच नाही. शिवाय ज्यांना विचारले त्यांतल्या बहुतेकांनी उत्तर धाडले नाही. याच वेळी त्याहून पुष्कळच लहान नमुन्यावरून जॉर्ज गॅलप यांनी विजेता बरोबर सांगितला. त्यांचे माप लहान होते, पण भरताना निवड होती.

दुसरा प्रश्न, विचारले काय? आपल्याकडे ग्रामदेवतेला कौल लावतात. गुरव जो प्रश्न घालील त्याचेच उत्तर मिळते. न विचारलेल्याचे देव उत्तर देत नाही. चाचणीचेही तसेच आहे. उमेदवार ठरण्यापूर्वी ‘तुमची पसंती कोणाला?’ असे विचारले, तर माणूस बहुधा ऐकलेले नाव सांगतो. ज्याचे फलक नाक्यानाक्यावर, त्याचे नाव तोंडावर. त्याला पसंती म्हणावे की ओळख?

शहापूरचेच उदाहरण घ्या. 2014 साली येथे राष्ट्रवादीचे पांडुरंग बरोरा जिंकले. समोर शिवसेनेचे दौलत दरोडा होते. 2019 साली तेच दोघे समोरासमोर आले, पण पक्षांची अदलाबदल होऊन. आणि राष्ट्रवादीचे दरोडा जिंकले. 2024 साली पुन्हा तेच दोघे, आता दुभंगलेल्या राष्ट्रवादीच्या दोन बाजूंनी. या मतदारसंघात ‘तुम्ही कोणत्या पक्षाचे?’ असे विचारणाऱ्याला एक उत्तर मिळेल आणि ‘कोणत्या माणसाचे?’ असे विचारणाऱ्याला दुसरे. शिवाय 2024 चा निकाल लागला दोन हजारांहूनही कमी मतांच्या फरकाने. म्हणजे झालेल्या मतांच्या एका टक्क्याच्या आसपास. जेथे लढत एका टक्क्याची, तेथे तीन टक्के इकडेतिकडे होणारा काटा काय तोलणार? सोने तोलावयास लाकडाच्या वखारीतला काटा आणावा, तसेच ते.

तिसरा प्रश्न, विचारले केव्हा? जून 2024 मध्ये महाविकास आघाडीने राज्यात 48 पैकी 30 जागा मिळविल्या आणि भिवंडीत राष्ट्रवादीच्या शरद पवार पक्षाचे सुरेश म्हात्रे निवडून आले. सहा महिने पुरे होण्याच्या आत, नोव्हेंबरात, विधानसभेला शहापूर आणि मुरबाड या दोन्ही जागा महायुतीकडे गेल्या. मत हे धरणातल्या पाण्यासारखे आहे. ज्या दिवशी मोजले त्या दिवसाची ती पातळी. आणि मतदान संपल्यावर मोजले म्हणून ते अचूकच निघते असेही नाही. त्याच जूनमध्ये मतदानोत्तर चाचण्यांपैकी बहुतेकांनी केंद्रातील सत्ताधारी आघाडीला साडेतीनशेहून अधिक जागा दिल्या होत्या, मिळाल्या 293.

कायद्याने या प्रकाराला काही आवर घातला आहे. मतदान संपण्यापूर्वीच्या 48 तासांत जनमत-चाचणीचे निष्कर्ष प्रसारित करता येत नाहीत आणि सर्व टप्पे संपेपर्यंत मतदानोत्तर चाचणी दाखविता येत नाही. पण तिकीटवाटपापूर्वीच्या खासगी पाहणीला हा आवर लागू नाही. ती कोणी केली, किती जणांना विचारले, हे मतदाराला कळतही नाही. एखाद्याला नाकारावयाचे तर ‘सर्व्हे प्रतिकूल आहे’ एवढे शब्द पुरतात. न दाखविलेल्या आकड्याशी वाद घालणार कसा?

चाचण्या बंद करा, असे आमचे म्हणणे नाही. पुढाऱ्याच्या भोवतीचे चार खुशमस्करे सांगतात त्यापेक्षा नीट केलेली पाहणी शतपटीने बरी. तिच्यामुळे एखाद्या कोपऱ्यातल्या कार्यकर्त्याचे नाव वर येऊ शकते आणि मक्तेदाराचा भ्रमही उतरू शकतो. आमचा आग्रह इतकाच की, पाहणीने पक्षाला सल्ला द्यावा, मतदाराच्या वतीने निकाल देऊ नये. आणि ज्या पाहणीवर उमेदवारी ठरते ती पक्षाने गावापुढे ठेवावी.

कारण आपल्यापुढचा खरा प्रश्न नावाचा नाही. भातसा, तानसा, वैतरणा यांचे पाणी आपल्या तालुक्यातून मुंबईला जाते आणि याच तालुक्यातल्या पाड्यांवरच्या बाया उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. कल्याण-मुरबाड रेल्वेची मागणी किती निवडणुका ऐकतो आहोत, ते मुरबाडकरांनी सांगावे. ‘अमुक हवा की तमुक?’ या चाचणीत पाण्याला रकाना नसतो, रेल्वेला नसतो, वीटभट्टीवर गेलेल्या मुलांच्या शाळेला नसतो. तो रकाना आपणच भरावयाचा आहे. तिकीट ठरण्यापूर्वी, ग्रामसभेत उभे राहून, प्रत्येक इच्छुकाला समोर बसवून. पाहणीदार दारात आला तर त्यालाही सांगावे की, नावे मागाहून लिही, आधी हे लिही.

दुसऱ्याने घातलेल्या प्रश्नाला आपण उत्तर दिले तर तो त्याचा कौल. प्रश्न आपला आणि उत्तरही आपले, तेव्हाच तो आपला कौल. तो देण्याचा अधिकार आपल्याला घटनेने दिला आहे. तो हजार माणसांच्या यादीवर सोडून घरी बसू नये, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.